मुकादमाचं हाड

आमच्या मुकादमाचा खालचा जबडा आज शाबूत आहे आणि त्यात माझा काहीही हात नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. जबडा धोक्यात आला त्यात मात्र माझा हात होता. दोन्ही हात होते, आणि दोन्ही तेलाने माखलेले होते. ज्यांनी तो वाचवला त्यांचे आभार मानायला गेलं की ती मंडळी विषय बदलतात, म्हणून निदान इथे तरी कुणी मध्ये न बोलता ते मानून घेतो.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. तपकिरी रंग, रुंद छाती, एक कान ताठ आणि दुसरा विचारात पडलेला. घरात कुणी काही काम काढलं की तो शेजारी येऊन बसतो आणि काम नीट चाललंय ना यावर नजर ठेवतो. स्वतः कशाला पंजा लावत नाही. म्हणून मुलीने त्याचं नाव मुकादम ठेवलं. मग मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि मुकादमाने कामावरचं लक्ष काढून घेतलं. दाराकडे तोंड करून पडून राहायचा. जेवण समोर ठेवलं तर आमच्यावर उपकार केल्यासारखं खायचा. आणि दुपारी घरात कुणी नसलं की सोफ्याचा पाय कुरतडायचा.

"त्याला चघळायला काहीतरी हवंय बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "कंटाळलाय तो."

"हाड देऊ का?"

"द्या, पण नीट माहिती काढून."

ही 'नीट माहिती काढून' सूचना तिने मला करायला नको होती. मी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात आहे. पाइप, त्यांचे सांधे, वायसर, झडपा यांत माझं आयुष्य गेलं. एखादी वस्तू आत घेण्यापूर्वी तिची पूर्ण चौकशी करणं हे माझ्या रक्तात आहे. बायकोचं म्हणणं, ते फक्त चौकशीपुरतंच आहे, पण तिच्या मतांबद्दल पुढे येईलच.

तिने एवढंच सांगितलं, "हाड माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, माझ्या पातेल्यात शिजणार नाही आणि फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवायचं नाही. बाकी तुमचं चालू द्या."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. जिन्यात भेटल्या तेव्हा मी सहज विषय काढला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी पिशवी खाली ठेवली की समजायचं, तास सुरू झाला.

"हाड चांगलं उकळून द्यायचं," त्या म्हणाल्या. "जंतू मरतात. आमच्या वडिलांच्या कुत्र्याला मी रोज उकळून देत असे."

"मग तो खूप जगला असेल."

"नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून वर गेल्या.

कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, उकळलेलं अजिबात नको, कोंबडीचं तर नकोच नको. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे सुयांसारखे तुकडे पडतात आणि घशापासून आतड्यापर्यंत कुठेही घुसतात. हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की मागे उभ्या असलेल्या बाईंनी खोकल्याचं औषध न घेताच काढता पाय घेतला. घरी येऊन मी वाचायला बसलो. औषधवाल्याचं बरोबर होतं. हाड कच्चं हवं, मोठं हवं, आणि कुत्रा खात असताना माणूस समोर हवा. ही तिन्ही सूत्रं मी पाठ केली आणि पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याला ऐकवली. ऑफिसात माझ्या टेबलाजवळ चहा प्यायला येणारे लोक हळूहळू खिडकीजवळ चहा प्यायला लागले.

रविवारी सकाळी मी खाटकाच्या दुकानात गेलो. रांगेत सगळे सराईत लोक होते. ते काउंटरपाशी पोचले की एकच शब्द बोलत आणि खाटीक सुरा उचलत असे. माझी पाळी आल्यावर मी कुत्र्याचं वय, वजन आणि मनःस्थिती सांगितली.

खाटकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सूप करायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही. कच्चंच द्यायचंय. मोठं."

त्याने आतून एक नळीचं हाड आणलं. मनगटापेक्षा जाड, आत मगज भरलेला. "अख्खं न्याल की कापून देऊ? मशीनवर मस्त गोल चकत्या पडतात. धरायला बरं, ठेवायला बरं."

त्याने एक चकती कापून दाखवली. इथे माझा घात झाला. ती चकती म्हणजे सुबक, जाड, एकसारख्या काठाचं कडं होतं. भांडारात अशी वस्तू आली असती तर मी पसंतीची सही करून मोकळा झालो असतो. मगज मध्ये, हाड भोवती, सगळं कसं मापात. मी म्हणालो, "कापूनच द्या." बिचाऱ्या खाटकाने वर कागदाचं जास्तीचं वेष्टणही दिलं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

इमारतीत शिरलो तर लिफ्टमध्ये कलमकाका उभे होते. कलमकाका म्हणजे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. ते आमच्या खालच्याच मजल्यावर एकटे राहतात. प्रत्येक वाक्यात कुठलं तरी कलम येतं, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं आणि मोठ्यांनी ते आनंदाने स्वीकारलं. मुकादमाबद्दल त्यांच्या तक्रारींना आमच्या घरी एक वेगळा खण होता. तो भुंकतो, तो जिन्यात बसतो, तो बघतो. हो, बघतो हीसुद्धा एक तक्रार होती. शिवाय त्याने काकांच्या दाराबाहेरचा एक बूट खाल्ला होता, त्यामुळे काकांना बोलायला जागा होती हे मान्य करायला हवं.

"पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हाड."

"लिफ्टमधून कच्चं मांस न्यायला परवानगी नाही."

"हे मांस नाही, हाड आहे."

काकांनी विचार केला. "हाडाबद्दल कलम नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "म्हणजे सभेत चर्चा करावी लागेल. तोपर्यंत तुम्ही जिन्याने जा."

मी जिन्याने गेलो. मान ताठ ठेवून गेलो, पण मान ताठ ठेवली की पायऱ्या दिसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

पुढचा अर्धा तास मात्र मी विसरणार नाही. बाल्कनीत जुनी चादर अंथरली, मुकादमाला बोलावलं आणि चकती समोर ठेवली. त्याने ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं, परत हुंगली. मग तो पुढच्या दोन्ही पंजांत ती धरून आडवा झाला आणि डोळे अर्धवट मिटून चाटायला लागला. मुलगी गेल्यापासून त्याची शेपटी अशी हलली नव्हती. मी समोर स्टुलावर बसून होतो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

"हो, बघ ना कसा खूश आहे."

"त्याला नाही, तुम्हाला विचारतेय."

मी स्टूल जरा मुकादमाकडे सरकवलं. घर रिकामं झालं की कुत्र्याला करमत नाही, हे आम्ही बोलून दाखवू शकत होतो. बाकी कुणाला करमत नाही, हे अजून बोलायचं होतं.

मग मुलीचा व्हिडिओ फोन आला. मी तिला खाटकाची हकीकत सांगायला घेतली, लिफ्टची हकीकत सांगायला घेतली, आणि सांगता सांगता मुकादमाकडे पाठ झाली. कुत्रा खात असताना माणूस समोर हवा, हे माझं तिसरं सूत्र. माणूस समोरच होता, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे होतं.

"बाबा, मुकादम हसतोय का?" मुलीने विचारलं.

मी वळलो. मुकादम उभा होता. त्याचा खालचा ओठ खाली ओढला गेला होता, दात दिसत होते आणि खालच्या जबड्याभोवती, सुळ्यांच्या मागे, ते सुबक, मापातलं कडं घट्ट बसलं होतं. मगज चाटून चाटून संपवल्यावर त्याने आतल्या भोकात जबडा घातला असणार. जाताना सुळ्यांवरून घसरत गेलेलं कडं परत यायला तयार नव्हतं. त्याने एक पंजा तोंडावर घासला, मग दुसरा. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे मदत मागितल्यासारखं पाहिलं.

"बाबा, ते काढा," मुलीचा आवाज बदलला होता. "बाबा, त्याला दुखतंय."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "गोल वस्तू अडकणं हा माझा रोजचा विषय आहे." आणि फोन ठेवला.

पाइपवर कडं अडकलं की आम्ही तेल लावतो. मी तेलाची बाटली आणली. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांकडे नेऊ या." मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे." पाइप आणि कुत्रा यांत एक मोठा फरक आहे, तो असा की पाइप मान हलवत नाही. तेल थोडं कड्याला लागलं, थोडं माझ्या सदऱ्याला लागलं आणि बाकीचं फरशीवर सांडलं. मी कडं धरून ओढलं. मुकादम कळवळला. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. माझे हात आपोआप सुटले, तो मागे सरला, तेलावरून घसरला, उठला आणि उघड्या दारातून जिन्याने खाली धावत सुटला.

मी मागे धावलो. निदान निघालो तरी तसाच. पण पहिल्याच पायरीवर माझे तेलकट पाय आणि मी वेगवेगळ्या दिशांना गेलो आणि उरलेला जिना मी बसूनच उतरलो.

खालच्या मजल्यावर कलमकाकांचं दार उघडं होतं. ते दारात पायपुसणं झटकत होते. मुकादम त्यांच्या पायांमधून आत शिरला आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला. मी कठडा धरून उभा राहिलो, तोपर्यंत काका पायपुसणं छातीशी धरून भिंतीला चिकटले होते. त्यांच्या स्वच्छ गालिच्यावर तेलाच्या पंजांची एक सुरेख ओळ उमटली होती.

"माफ करा," मी म्हणालो. "त्याच्या जबड्यात हाड अडकलंय. लगेच नेतो त्याला."

मी टेबलाखाली वाकलो. मुकादम माझ्याकडे बघून गुरगुरला. माझ्याकडे बघून. ज्याला तो पिल्लू असताना मी बाटलीने दूध पाजलं, तो मला जवळ येऊ देईना. मी तिथेच जमिनीवर बसलो. खरं सांगायचं तर मला काय करावं ते सुचत नव्हतं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, त्यात थोडं रक्त होतं, आणि माझ्या हातांना त्याच्याच तोंडावरचं तेल होतं.

"ओढलंत तुम्ही?" काकांनी भिंतीजवळूनच विचारलं.

"हो."

"आता ओढू नका."

एवढं बोलून ते हळूहळू भिंतीपासून सुटे झाले. टेबलाजवळ आले, गुडघ्यांवर बसले. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या खोलीतला कमी धोक्याचा माणूस निवडला. तो सरपटत बाहेर आला आणि काकांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला.

काकांनी दोन्ही हात वर केले. कुणी बंदूक रोखल्यावर करतात तसे.

"माझी गाडी खाली आहे," ते हात वर ठेवूनच म्हणाले. "किल्ली खिळ्याला अडकवलीय. पण मी आता उठून चालवू शकेन असं वाटत नाही."

आमच्या घरात गाडी चालवायचा परवाना फक्त बायकोकडे आहे. मीही परीक्षेला बसलो होतो, पण तो वेगळा विषय आहे. ती पर्स घेऊन केव्हाच खाली आली होती. मागच्या सीटवर काका बसले, त्यांच्या मांडीवर मुकादमाचं डोकं, लाळेने त्यांची पँट भिजलेली. मी पुढे बसलो, कारण मी मागे वळलो की गुरगुर ऐकू येत होती.

"मला कुत्र्यांची भीती वाटते," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पहिल्यापासून. जिन्यात तो बसलेला असला की मी परत घरात जाऊन थांबतो. तो उठून गेला की मग बाहेर पडतो."

मला त्यांची 'तो बघतो' ही तक्रार आठवली आणि आम्ही ती घरी किती वेळा हसून वाचली होती तेही आठवलं.

"बोलायचं ना कधी," बायको आरशात बघून म्हणाली.

"वहिनी, घाबरतो असं कसं सांगायचं? नियम सांगणं सोपं असतं."

जनावरांच्या दवाखान्यात खिडकीमागे एक कारकून संगणक घेऊन बसला होता. बाहेर बाकांवर मांजरं, टोपल्या, एक पोपट आणि त्यांची माणसं रांगेने बसली होती.

"पेशंटचं नाव?"

"मुकादम."

"हे आडनाव झालं. नाव सांगा."

ते कसंबसं मिटलं. मग त्याने तक्रार विचारली. मी म्हणालो, हाड अडकलंय. त्याने बराच वेळ पडद्यावर शोधलं. "यात 'हाड मोडलं' असा प्रकार आहे. 'हाड अडकलं' असा प्रकारच नाही."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'वाल्यांना सोमवारी बोलावतात. मी 'हाड मोडलं' लिहितो. तुम्ही आधी एक्स-रेच्या रांगेत जा."

"अहो, पण हाड मोडलेलं नाही. आणि हाड त्याचं नाहीच आहे."

"मग कुणाचं आहे?" कारकुनाने पेन उचलून विचारलं.

तेवढ्यात मागून कलमकाका आले. मुकादम त्यांच्या पायाला टेकून चालत होता, आणि काका त्याच्याकडे न बघता अगदी ताठ चालत होते. त्यांनी खिडकीवर हात ठेवला.

"तुमच्या डोक्यावरची पाटी कुणी लावली आहे?"

कारकुनाने वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. पाटी धुळीने भरली होती, पण नियम वाचण्यात काकांची नजर तयार होती. "श्वास, रक्तस्राव अथवा तोंडात वस्तू अडकलेली असल्यास रुग्णास प्रथम आत घ्यावे. नोंदणी नंतर करावी," त्यांनी मोठ्याने वाचलं. "यात 'करावी' आहे, 'केली तर बरं' असं नाही. दार कुठलं?"

कारकुनाने निमूटपणे दार दाखवलं. इतकी वर्षं मी त्या आवाजाला वैतागत होतो. त्या दिवशी तो आवाज आमच्या बाजूने बोलत होता आणि मला कुठलंही गाणं त्याच्याइतकं गोड वाटलं नसतं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जबडा पाहिला, मग माझा सदरा पाहिला आणि काही विचारायची गरज त्यांना उरली नाही. मुकादमाला गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो झोपला आणि त्याच्या पाठोपाठ कलमकाका पांढरे पडून खाली बसले. मदतनीस पाणी घेऊन धावला, आणि काही वेळ दोघांपैकी पेशंट कोण हे खोलीत नक्की ठरेना. मग डॉक्टरांनी एका लहानशा करवतीने, मध्ये पट्टी धरून, कडं कापलं. दोन तुकडे ताटलीत पडले. टक्, टक्. तेवढ्यासाठी एवढं सगळं झालं होतं.

"दात शाबूत आहेत. हिरडी थोडी सोललीय, भरून येईल," त्या म्हणाल्या. बायकोने माझा हात धरला. तेलामुळे तो निसटला, म्हणून तिने पुन्हा धरला.

"डॉक्टर, मी सगळं वाचलं होतं," मी म्हणालो. "कच्चं होतं. मोठं होतं."

"मोठं होतं, मग कापून का आणलंत? गोल चकती कधी द्यायची नाही. असे जबडे माझ्याकडे नेहमी येतात." मग त्या जरा नरमल्या. "माझं मत विचाराल तर हाड नसलं तरी चालतं. पण द्यायचंच असेल तर अख्खं, त्याच्या तोंडापेक्षा मोठं, सांध्याकडचं मऊ टोक. नळीचं कडक हाड चावताना दातही तुटतात. शिजवलेलं मुळीच नाही. मगज जास्त झाला तर पोट बिघडतं. थोडा वेळ चघळू द्यायचं, मग काढून घ्यायचं, आणि लहान झालं की फेकून द्यायचं. आणि समोर बसायचं. फोन न घेता."

फोनचं त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.

मुकादमाला शुद्ध यायला वेळ लागला. आम्ही तिघं त्याच्या भोवती बसून होतो. मुलीला फोन लावला तेव्हा ती रडत होती आणि मग हसत होती, आणि "आई, बाबांना ओरडू नकोस" असं म्हणत होती. बायकोने मला अख्ख्या दिवसात एक शब्दही सुनावला नव्हता. त्याचेही आभार मानायचे आहेत. तिने सुनावलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ती सोपं करून देणाऱ्यांतली नाही.

मुकादमाने डोळे उघडले. पहिल्यांदा बायकोला पाहिलं, मग काकांना, आणि मग बराच विचार करून मला. मी हात पुढे केला नाही. त्यानेच मान थोडी पुढे सरकवून माझा अंगठा चाटला. तेलाची चव असेल कदाचित. मी तसं समजायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गालिचा धुऊन आणायला काकांकडे गेलो आणि आभाराचं एक नीट वाक्य तयार करून गेलो. त्यांनी गालिचा दिला आणि ते वाक्य अर्ध्यावर तोडून मला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची गळती दाखवायला नेलं. त्यानंतर दोनदा मी प्रयत्न केला आणि दोन्हीदा टाकीवरच जाऊन पोचलो. आता टाकी गळत नाही.

हिरडी भरल्यावर आम्ही मुकादमाला पुन्हा हाड दिलं. बायको म्हणाली, घाबरून थांबवू नका, नीट करा. या वेळी अख्खं, सांध्याचं, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं. गच्चीवर उन्हात चादर अंथरली. मी फोन घरी ठेवून समोर बसलो. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. कलमकाका घडीची खुर्ची घेऊन आले, माझ्या शेजारी ती उघडली आणि बसले. मुकादमापासून जरा अंतर ठेवून, पण नजर न हटवता.

वारा छान होता. मुकादम डोळे मिटून हाड चघळत होता, त्याच्या दातांचा कुरकुर आवाज येत होता. काकांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. मग आणखी थोडी. मला वाटलं, टाकी आता गळत नाही, म्हणजे विषय बदलायला यांच्याकडे काही उरलं नाही.

"काका," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही नसतात तर..."

"हळू बोला," काका म्हणाले. "तो खातोय."